पाणी थोडं आहे की थोडंच?

अगं, ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांतला फरक गाइडात एका ओळीत उरकलेला असतो. पहिला नकारार्थी, दुसरा होकारार्थी. ती ओळ तू दहावीला पाठ केलीस, बारावीला पुन्हा पाठ केलीस, आणि आता वाळूजला स्टोअर्समध्ये बसून मेल लिहिताना तिथंच अडतेस. अडणारच. पाच खोकी शिल्लक असली, तर ती नकारार्थी पाच की होकारार्थी पाच, हे खोक्यांकडे बघून कसं कळणार? ते खोक्यांत नसतंच. सांगणाऱ्याच्या मनात असतं, आणि गाइडवाले तिथवर जात नाहीत.

तू आपल्या घरातलंच बघ. पडेगावात नळाला रोज पाणी येत नाही, हे काय मी तुला सांगायला पाहिजे? आई गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण उचलते आणि वरूनच ओरडते, “थोडं आहे गं!” लगेच तू केस धुवायला पळतेस. तीच आई “थोडंच आहे” म्हणाली की बादली जागच्या जागी ठेवतेस. टाकीतलं पाणी दोन्ही वेळा बोटाच्या त्याच पेरापर्यंत असेल. पहिल्यांदा तिला ‘आहे’ हे सांगायचंय, दुसऱ्यांदा ‘पुरणार नाही’ हे. पहिलं झालं ‘अ लिटल वॉटर’, दुसरं ‘लिटल वॉटर’. मोजता येण्यासारख्या वस्तू असल्या की त्याच जागी ‘अ फ्यू’ आणि ‘फ्यू’. ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे तरी, ‘फ्यू’ म्हणजे थोडेच. हा ‘तरी’ आणि हा ‘च’ तुला कुणी शिकवला होता का? बोलायला लागल्यापासून वापरतेस, आणि कधी चुकत नाहीस.

फक्त एक उलटं आहे. कमतरता दाखवायला आपण ‘च’ जोडतो, आणि इंग्रजीत त्याच कामासाठी ‘अ’ काढून घेतात. आपली खरी अडचण इथंच होते. मराठीत आर्टिकल नाहीत, म्हणून बोलताना हा ‘अ’ आपल्या तोंडून गळतो. एरवी गळला तरी बिघडत नाही. ‘आय हॅव पेन’ म्हटलंस तर समोरचा समजून घेतो, फार तर कुठं दुखतंय म्हणून विचारेल. पण ट्रेनिंगमध्ये हात वर करून ‘सर, आय हॅव फ्यू डाउट्स’ म्हणालीस, की त्याचा अर्थ होतो, मला शंका अशा फारशा नाहीतच. सर खूश होऊन पुढच्या स्लाइडवर जातील आणि तू हात वर धरून बसशील. आपल्याकडचे लोक एकमेकांचं समजून घेतात, कारण सगळ्यांचाच ‘अ’ गळलेला असतो. बाहेर देशातला माणूस फोनवर असला की तो शब्दाला शब्द धरतो.

म्हणून तुझ्या त्या ‘देअर आर फ्यू बॉक्सेस लेफ्ट’वर पर्चेसवाल्यानं घाईघाईनं ऑर्डर टाकली, यात मला त्याचा दोष दिसत नाही. तुला म्हणायचं होतं, आहेत अजून, घाई नको. मग ‘वी स्टिल हॅव अ फ्यू’ असं लिहायचं. आणि माझं ऐकशील तर स्टॉकच्या मेलमध्ये दोन्ही लिहू नकोस, सरळ आकडा टाक. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ हे आपल्या मनातलं सांगायचे शब्द आहेत, आणि स्टॉक रजिस्टरला मन नसतं.

याच घरातली बाकीची मंडळी भराभर सांगते. ‘द फ्यू’ म्हणजे जे काही थोडे होते ते सगळेच्या सगळे. ‘द लिटल मनी ही हॅड’, होतं नव्हतं तेवढं किडुकमिडुक. ‘ओन्ली अ फ्यू’मध्ये ‘अ’ असूनही अर्थ पुन्हा ‘थोडेच’कडे वळतो, कारण ‘ओन्ली’ आला. आणि ‘क्वाइट अ फ्यू’ हा तर शुद्ध चकवा. दिसायला ‘अगदी थोडे’, अर्थ मात्र ‘बरेच’. साहेबांनी ‘क्वाइट अ फ्यू कम्प्लेन्ट्स’ लिहिलं तर हसत बसू नकोस, तक्रारी भरपूर आल्यात. त्याहून खट्याळ जोडी म्हणजे ‘नॉट अ बिट’ आणि ‘नॉट अ लिटल’. ‘नॉट अ बिट टायर्ड’ म्हणजे अजिबात दमले नाही. ‘नॉट अ लिटल टायर्ड’ म्हणजे चांगलीच दमले. ‘बिट’ आणि ‘लिटल’ एकटे असताना सख्खे भाऊ, ‘नॉट’ आला की दोन टोकांना. हे जुन्या वळणाचं इंग्रजी आहे, तू लिहू नकोस, पण वाचनात आलं तर अडखळू नकोस.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. ‘तब्बल’ आणि ‘अवघे’. हे दोन शब्द नीट कळले, की इंग्रजीतल्या ‘नो मोर दॅन’, ‘नॉट मोर दॅन’, ‘नो लेस दॅन’, ‘नॉट लेस दॅन’ या गुंत्यातून तू सहज बाहेर पडशील.

आपल्या शहराचं पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येतं. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. त्याचा जलाशय, नाथसागर, पूर्ण भरला तर शंभर टीएमसीच्या वर साठा. त्याच्या टक्क्यांची बातमी वर्षभर पेपरात असते. समज, धरणात चाळीस टक्के पाणी आहे. जूनच्या सुरुवातीला उपसंपादक मथळा देतो, ‘तब्बल चाळीस टक्के’. तेच चाळीस टक्के पावसाळा संपल्यावर असले, तर मथळा होतो ‘अवघे चाळीस टक्के’. आकडा एकच. जूनमध्ये इतकं असेल अशी आशा नव्हती आणि ऑक्टोबरमध्ये याहून जास्त असायला हवं होतं, एवढाच फरक. ‘तब्बल’ म्हणजे ‘नो लेस दॅन’, किंवा ‘अ‍ॅज मच अ‍ॅज’. ‘अवघे’ म्हणजे ‘नो मोर दॅन’. दोन्हीकडे आकडा ठरलेला आहे, माहीत आहे. त्याच्याबद्दल काय वाटतं, तेवढंच ‘नो’ सांगतो.

‘नॉट’चं तसं नाही. ‘नॉट’ कोरडा असतो. तो मर्यादा घालतो आणि गप्प बसतो. ‘नॉट मोर दॅन फाइव्ह’ म्हणजे फार तर पाच, चार चालतील, तीन चालतील, सहा नाही. ‘नॉट लेस दॅन फाइव्ह’ म्हणजे निदान पाच, वर कितीही. त्यात आश्चर्य नाही की कुरकुर नाही. म्हणून कायदे, टेंडरं, नियमावल्या यांत बहुतेक ‘नॉट’च भेटेल. कायद्याला ‘तब्बल’ म्हणून डोळे मोठे करायचं काही कारण नसतं. बोलण्यात मात्र माणसं ही सीमा सारखी ओलांडतात, सूचनेतही ‘नो मोर दॅन’ म्हणून जातात. तेव्हा मागचंपुढचं बघून घ्यायचं.

याचा तुमच्या कंपनीतल्या बायकांना थेट उपयोग आहे, म्हणून जरा थांबते. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा घे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत ‘नॉट लेस दॅन’ ८० दिवस काम झालेलं असलं पाहिजे, असं त्यात होतं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही अट तशीच आली. आता हे निदान ८०. म्हणजे ८० भरले की झालं, ८१ वा लागत नाही. ‘मोर दॅन एटी’ असतं तर ८० वालीला परत पाठवता आलं असतं. पुढे बघ. २०१७ च्या दुरुस्तीनं रजा २६ आठवड्यांची झाली, आणि त्यातले ‘नॉट मोर दॅन’ आठ आठवडे प्रसूतीआधी. आमच्या ओळखीतल्या एकीला ऑफिसात कुणीतरी सांगितलं, की आठ आठवडे आधी बसावंच लागतं. नाही गं. फार तर आठ. दोन घे, एक घे, सगळी रजा नंतरसाठी ठेवायची असेल तर ठेव. (दोन मुलं हयात असतील तर पुढच्या वेळी २६ चे १२ होतात आणि आठचे सहा, पण शब्द तेच.) एका ‘नॉट’ची जागा नीट वाचली, तर बाळाजवळ दोन महिने जास्त मिळतात. व्याकरण कंटाळवाणं आहे असं म्हणणाऱ्यांना हे दाखव.

आणि जाता जाता, गुलमंडीवरच्या त्या ‘अप टू ५० परसेंट’ पाट्या. ‘अप टू’ म्हणजे जास्तीत जास्त. पन्नास टक्केवाली एक साडी कोपऱ्यात टांगलेली असते, बाकी सगळ्या दहावर. पाटी खोटं बोलत नाही, आपणच ‘अप टू’ वाचत नाही.

आता ‘नाही’कडे येऊ या.

नकाराच्या बाबतीत मराठी फार श्रीमंत आहे. नाही, नको, नये, नव्हे, नसावं, नसेल. त्यातला ‘नको’ तर इतका कामाचा, की दखनीनं तो उचलला. आपल्या गल्लीतल्या खाला ‘नक्को’ म्हणतात तो आपलाच. या शहराला भाषांच्या अशा देवाणघेवाणीची सवय जुनी आहे. कवी वली दखनी इथला. मौलवी अब्दुल हकांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचा कारभार कितीतरी वर्षं इथून चालवला आणि १९३७ साली अंजुमनचा मोठा इंग्रजी-उर्दू कोश आला. इंग्रजी शब्दाला आपल्या बोलीत नेमकं काय म्हणायचं, यावर या गावात तुझ्याआधीही लोकांनी डोकं फोडून घेतलंय, एवढ्यासाठी सांगितलं.

तर आपला ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतो. “कुणीही काहीही बोललं नाही.” ‘ही’ कितीही लाव, शेवटी एक ‘नाही’ आला की वाक्य बंद. आणि “कुणीच बोललं” असं अर्धवट सोडलं तर ऐकणारा वाट बघत राहतो. ही सवय घेऊन आपण इंग्रजीत जातो आणि ‘नोबडी डिडन्ट कम’ म्हणतो. आपल्या कानाला ते बरोबर लागतं, ‘कुणीच आलं नाही’. पण ‘नोबडी’च्या पोटात ‘नाही’ आधीच आहे. ‘नथिंग’, ‘नेव्हर’, ‘नन’, ‘नोव्हेअर’ यांच्याही. एकदा पोटातला ‘नाही’ आला की क्रियापद साधं ठेवायचं. ‘नोबडी केम.’ संपलं.

दुसरी वाट ‘एनी’ची. ‘एनी’ हा आपला ‘ही’ समज. ‘एनीबडी’ कुणीही, ‘एनीथिंग’ काहीही. पण इथं क्रम उलटतो. मराठीत ‘ही’ आधी आणि ‘नाही’ नंतर, इंग्रजीत ‘नॉट’ आधी यावा लागतो आणि ‘एनी’ त्याच्या मागून. म्हणून ‘आय डिडन्ट सी एनीबडी’ चालतं, पण ‘एनीबडी डिडन्ट कम’ चालत नाही, तिथं ‘एनी’ पुढं घुसला. कर्त्याच्या जागी नकार हवा असला की ‘नोबडी’, ‘नो वन’, ‘नो ट्रक’ असंच सुरू कर. इतक्या वर्षांच्या शिकवण्यांत मला या एका गोष्टीइतका फायदा दुसऱ्या कशाचा दिसला नाही, आणि बहुतेक पुस्तकांत ती मराठीला समोर ठेवून सांगितलेलीच नसते.

पुस्तकांचं निघालं म्हणून. तू २००० नंतरची, पहिलीपासून इंग्रजी शिकलेली. मी पाचवीपासूनची. बाबांच्या कपाटात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती आणि शेजारी रेन अँड मार्टिन. रेन अँड मार्टिनचं कौतुक मला कधी कमी नव्हतं, त्यातला रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ कादंबरी लिहिणारा, हे कळल्यावर तर वाढलंच. पण त्याचे नियम इंग्रजीतून इंग्रजीत. तर्खडकर कितीही जुनाट वाटले, तरी मराठी वाक्य आधी समोर ठेवतात. आपल्याला नेमकं काय म्हणायचंय, हे आधी आपल्या भाषेत ठरतं. तू मेल लिहिताना पहिलं वाक्यच इंग्रजीत जुळवायला बसतेस, तिथं घोळ होतो.

‘हार्डली’, ‘स्कार्सली’, ‘बेअरली’, ‘सेल्डम’ हे छुपे नकारवाले. जेमतेम, क्वचितच, कसंबसं. यांच्या सोबत ‘नॉट’ घालायचा नाही. ‘आय कान्ट हार्डली’ खूप जण म्हणतात, म्हणू देत. तू ‘कॅन हार्डली’ म्हण. आणि हात जोडून सांगते, अप्रेझलच्या फॉर्ममध्ये ‘आय वर्क हार्डली’ लिहू नकोस. कष्ट करते म्हणायला ‘हार्ड’. ‘हार्डली’ लिहिलंस तर काम जेमतेमच करते असं स्वतःच्या सहीनिशी कळवशील. ‘नो सूनर… दॅन’ मात्र सोड. बारावीच्या पेपरबाहेर ते मला फारसं भेटलेलं नाही.

आता हो-नाहीचं, कारण माल मिळाला की नाही यावरून तुझा फोनवर जो घोळ झाला, त्याचं मूळ मला इथं वाटतं. कुणी विचारलं, “माल मिळाला नाही का?” तर आपण म्हणतो, “हो, नाही मिळाला.” आपला ‘हो’ विचारणाऱ्याला असतो, तू म्हणतोस ते खरं आहे. जपानी लोकांचंही असंच. इंग्रजी ‘यस’ माणसाला नसतो, वस्तुस्थितीला असतो. ‘हॅवन्ट यू रिसीव्ड इट?’ याला तू ‘यस’ म्हणालीस की पलीकडे अर्थ झाला, मिळाला. पुढचं ‘नॉट रिसीव्ड’ नगर नाक्याच्या हॉर्नांमध्ये गेलं, आणि पलीकडच्यानं बिल पुढं पाठवलं. म्हणून प्रश्न कसा विचारलाय हे विसर. माल मिळालाय? नाही. तर उत्तर ‘नो’नं सुरू, ‘नो, वी हॅवन्ट’. मिळालाय? तर ‘यस, वी हॅव’. प्रश्नात ‘नॉट’ असो नसो. मुलाखतीतही हेच. ‘डोन्ट यू हॅव एनी एक्स्पीरियन्स?’ याला मान डोलावून ‘यस सर’ म्हणणारी मुलगी खरं तर अनुभव आहे म्हणून सांगत असते, आणि पुढचा प्रश्न येतो, कुठला? तिथं तिची फजिती. ‘डू यू माइंड’ तर आणखी तिरकं. ‘तुमची हरकत आहे का’ असा तो प्रश्न, म्हणून परवानगी द्यायची असेल तर ‘नॉट अ‍ॅट ऑल’, आणि ‘यस’ म्हणालीस तर हरकत.

‘ऑल’ आणि ‘बोथ’च्या मागं ‘नॉट’ लावणं पण टाळ. ‘ऑल द ट्रक्स हॅव नॉट कम’ म्हणजे एकही आला नाही, की काही आलेत काही नाहीत? मराठीतसुद्धा “सगळे ट्रक आले नाहीत” म्हटलं की गेटवरचा माणूस विचारतोच, “मग किती आले?” काही आले असतील तर ‘नॉट ऑल’, एकही नसेल तर ‘नन’. दोन्ही कॅमेरे बंद असतील तर ‘बोथ आर नॉट वर्किंग’ नको, ‘नायदर इज वर्किंग’. एकच बंद असेल तर ‘वन ऑफ देम’ म्हणून मोकळी हो.

शेवटचं, सेफ्टीच्या पाट्यांचं. ‘मस्ट नॉट’ आणि ‘डोन्ट हॅव टू’. आपल्याला दोन्ही ‘करायचं नाही’ असे ऐकू येतात. ‘मस्ट नॉट’ म्हणजे हात लावायचा नाही, बंदी. ‘डोन्ट हॅव टू’ किंवा ‘नीड नॉट’ म्हणजे गरज नाही, केलं तरी कुणी रागावणार नाही. मराठीत हे ‘करू नये’ आणि ‘करायची गरज नाही’, किती स्वच्छ वेगळे आहेत बघ. परवा तू नव्या पोरींसाठी मशीनची सूचना लिहिली होतीस ना, ‘यू डोन्ट हॅव टू ओपन द गार्ड व्हाइल रनिंग’? ती उद्या सकाळी पहिल्या शिफ्टच्या आधी काढ आणि ‘मस्ट नॉट’ लिहून लाव. खाली मराठीतही लिही, आणि तिथं ‘उघडण्याची गरज नाही’ लिहू नकोस, ‘उघडू नये’ लिही. सुपरवायझर विचारेल, एवढ्यासाठी लॅमिनेशन पुन्हा का करायचं. त्याला पुस्तकी नियम सांगू नकोस, दोन्ही मराठी वाक्यं मोठ्यानं वाचून दाखव.